बोर्गोसेर्नाचा खालचा पाणवठा

धम्मशीला मेश्रामनं कार्डिफच्या सरकारी हॉस्पिटलात सव्वीस वर्षं पेशंटच्या फायली सांभाळल्या. डॉक्टरांच्या हातात फाइल पडण्याआधी ती त्याच माणसाची आहे ना, हे बघणं तिचं काम. वेल्समध्ये ते सोपं नाही. एकेका गल्लीत तीन-तीन डेव्हिड इव्हान्स राहतात. एकदा तर दोन डेव्हिड इव्हान्सची जन्मतारीखसुद्धा एकच निघाली, आणि एकाच्या मूत्रपिंडाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या फायलीत जाता जाता तिनं पकडला. त्या दिवसापासून तिचा कागदावरचा विश्वास उडाला तो उडालाच. हळूहळू माणसांवरचाही कमी झाला. तिचा नवरा काशीनाथ बस चालवून रिटायर झालेला, बोलघेवडा माणूस. तो म्हणायचा, आमच्या घरी पाहुणा आला की चहाच्या आधी त्याचा जबाब होतो.

ती रिटायर झाली तेव्हा पहिले दोन महिने तिनं घरातली कपाटं लावली. तिसऱ्या महिन्यात काशीनाथनंच तिला भागातल्या लायब्ररीत नेऊन सोडलं. तिथली लायब्रेरियन रियॅनन, चाळिशीची, सगळ्यांना नावानं हाक मारणारी बाई. तिला टायपिंग येणारं माणूस हवंच होतं. लायब्ररीत दर गुरुवारी दोन ते चार स्थानिक इतिहासाचा गट जमायचा, आणि त्यात एका म्हाताऱ्या गृहस्थांना पुस्तिका लिहायची होती. पण त्यांना आता डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं.

ते गृहस्थ म्हणजे ब्रुनो फेरान्दी. वय शहाऐंशी. गळ्यात टाय, टायवर स्वेटर, आणि काखेत बुटांचा जुना खोका. इटलीतल्या बोर्गोसेर्ना नावाच्या छोट्या गावात त्यांचा जन्म. तिथून कितीतरी कुटुंबं शंभर वर्षांत वेल्सच्या खाणींच्या खोऱ्यांत आली आणि त्यांनी कॅफे काढले. ब्रुनोंचे वडील आधी आले; आई आणि ब्रुनो युद्ध संपल्यावर, ब्रुनो नऊ वर्षांचे असताना. पुढे त्यांनी स्वतः वर खोऱ्यात चाळीस वर्षं कॅफे चालवला. बायको वारल्यावर ते कार्डिफला मुलीच्या, कार्लाच्या घराजवळ एका लहानशा फ्लॅटमध्ये राहायला आले. ऑगस्टमध्ये बोर्गोसेर्नाहून आलेल्या सगळ्या घराण्यांच्या नातवंडा-पतवंडांचं संमेलन भरणार होतं. त्यांच्या हातात काहीतरी द्यावं म्हणून ही पुस्तिका: गावाचा इतिहास आणि गावातली बघण्यासारखी ठिकाणं.

पहिले दोन गुरुवार धम्मशीलाला फार आवडले. ब्रुनो डोळे मिटून बोलायचे आणि बोलता बोलता गावातून चालत जायचे. सेर्ना नदीचं अरुंद खोरं. वर काळ्या खडकावर किल्ला. त्याच्या बुरुजाचा माथा वीज पडून गेला तो कुणी परत बांधलाच नाही. खाली चौक, चौकाच्या एका अंगाला कमानींची ओवरी, ओवरीत शनिवारी भरणारा चेस्टनटचा बाजार. चौकाच्या मध्यभागी पाणवठा, दगडी सिंहाच्या तोंडातून पाणी येतं ते हिवाळ्यातसुद्धा गोठत नाही. चर्चची तडकलेली घंटा, तिचा आवाज पातेल्यावर पळी आपटल्यासारखा. आणि नदीवर तीन कमानींचा पूल, त्यातली मधली युद्धात जर्मनांनी उडवलेली आणि पुन्हा बांधलेली.

तिसऱ्या गुरुवारी पुलाला चार कमानी झाल्या.

धम्मशीलानं टिपणावर पेन्सिलीनं गोल केला. पुढच्या गुरुवारी घंटेची गोष्ट बदलली. आधी ती १९११ च्या थंडीत तडकली होती. आता १९२१ साली एका दारुड्या घंटा वाजवणाऱ्यानं तिच्यावर हातोडा घातला होता. दुसरा गोल. घरी येऊन तिनं काशीनाथला सांगितलं की हा माणूस थापा मारतोय. काशीनाथ म्हणाला, शहाऐंशी वर्षांच्या माणसानं दहा वर्षं इकडेतिकडे केली तर काय बिघडलं. पण तिच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. आपल्याच गावाबद्दल कुणी उगाच खोटं बोलत नाही, हे तिला अनुभवानं माहीत होतं. ती इथं नवी आली तेव्हा मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला बायकांनी विचारलं होतं, नागपूरला कुठं? इंदोरा म्हटलं की जात कळते, म्हणून तेव्हा ती सिव्हिल लाइन्सजवळ म्हणाली होती. दोन वर्षं तेच म्हणत राहिली. मग एका चौदा एप्रिलला तिचं तिलाच ते सहन होईना आणि तिनं खरं सांगितलं. पण गावाचा पत्ता माणूस केव्हा बदलतो, ते तेव्हापासून तिला ठाऊक होतं.

दर गुरुवारी चार वाजता ती की-बोर्ड ठेवायला काउंटरवर गेली की रियॅनन हसून विचारायची, आज कसे होते मिस्टर फेरान्दी? धम्मशीला जे दिसलं ते सांगायची. आज दोन पायांत दोन वेगळे बूट होते. आज माझं नाव दोनदा विचारलं. आज पुलाला चार कमानी होत्या. रियॅनन मान हलवायची.

पाचव्या गुरुवारी तो फोटो निघाला.

खोक्यात तीसेक फोटो होते. धम्मशीला एकेक हातात घेऊन त्यात काय दिसतंय ते सांगायची आणि ब्रुनो त्याची माहिती द्यायचे. या फोटोत पूल मागे होता, म्हणजे घेणारा पुलाच्या पलीकडे उभा होता. पुढे एक पाणवठा. चौकातला नव्हे, हा साधा, भिंतीतून निघालेली नळी, खाली लांबट दगडी डोणी, वर कोनाड्यात लहानशी मूर्ती. तांब्याच्या घागरी घेऊन चार बायका रांगेत उभ्या.

तिनं सांगितलं तसा ब्रुनोंनी फोटो हातातून घेतला, डोळ्यांशी नेला आणि खोक्याच्या तळाशी घातला. म्हणाले, ते काही नाही, खेचरांना पाणी पाजायची जागा.

"पण फोटोत खेचर नाहीये," धम्मशीला म्हणाली. "बायका आहेत. घागरी आहेत."

"पुढचा घ्या," ब्रुनो म्हणाले.

तिनं पुढचा घेतला. पण ब्रुनो चहा घ्यायला उठले तेव्हा तिनं तळाशी हात घालून तो फोटो काढला आणि मोबाइलवर टिपून घेतला. असं कुणाचं काही न विचारता घेणं तिच्या स्वभावात नव्हतं. बसमध्ये बसल्यावर तिचे कान गरम झाले होते.

तिची मुलगी तनू ब्रॅकनेलला सॉफ्टवेअर कंपनीत होती. तिला फोटो पाठवला. रविवारी तिचा व्हिडिओ कॉल आला. तनूनं कोनाड्यातली मूर्ती मोठी करून, साफ करून घेतली होती. दाढीवाला माणूस, एका हातात सुरी, दुसऱ्या हातावर काहीतरी पंच्यासारखं टाकलेलं.

"आई, तो टॉवेल नाहीये," तनू म्हणाली. "तो त्याचा स्किन आहे. त्याचा स्वतःचा. सेंट बार्थोलोम्यू. त्याला सोलला होता, म्हणून तो लेदरवाल्यांचा सेंट आहे. आणि मी मॅप पण बघितला. ब्रिजच्या त्या साइडला एक छोटा स्ट्रीट आहे, त्याचा नाव आहे कातडी कमावणाऱ्यांची गल्ली."

धम्मशीला खुर्चीत सरळ झाली. काशीनाथनं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि टीव्हीचा आवाज बंद केला. तिच्या मनात काय चाललंय हे त्याला न सांगता कळलं होतं, कारण तो पण त्याच मातीतला.

तिच्या वडिलांचं गाव कुहीकडचं. तिथं नदीला वरचा घाट होता आणि खालचा घाट होता. वरच्या घाटावर गाव पाणी भरायचं. खालच्या घाटावर गुरं, धुणी आणि वडिलांची वस्ती. वडील तिसरीत असताना शाळेत 'माझे गाव' हा निबंध आला. बाकीच्या मुलांनी देऊळ लिहिलं, पार लिहिला, पाटलांची विहीर लिहिली. वडिलांनी यातलं सगळं लिहून शेवटी खालचा घाटही लिहिला. मास्तरांनी तेवढ्या ओळीवर काट मारली. रागावले नाहीत, काही बोलले नाहीत, नुसती काट मारली. वडील ही गोष्ट सांगायचे तेव्हा बोट हवेत आडवं ओढून दाखवायचे.

आता तिला सगळं लख्ख दिसायला लागलं. किल्ला सांगितला, चर्च सांगितलं, सिंहाचं तोंड सांगितलं. पुलापलीकडच्या लोकांना मात्र खेचरं करून टाकलं. या गोऱ्यांच्या गावातही वरचं पाणी आणि खालचं पाणी होतं, आणि ब्रुनो फेरान्दी वरच्या पाण्याचे. म्हणूनच कमानी हलतात आणि सालं बदलतात, असं तिनं मनाशी पक्कं केलं. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, हे मात्र तिनं तपासलं नाही. सव्वीस वर्षांत अशी जोडणी तिनं दुसऱ्या कुणाला करू दिली नसती.

सहाव्या गुरुवारी तिनं आवाजात काही न दाखवता फोटोंची पुन्हा यादी करू या म्हटलं. तीस फोटोंचे एकोणतीस निघाले. तो फोटो नव्हता.

त्या दिवशी तिनं आणखी एक गोष्ट हेरली. ब्रुनोही तिच्यावर नजर ठेवून होते. ती पेन्सिल उचलायची तेव्हा ते बोलायचे थांबायचे. मधेच त्यांनी विचारलं, तुम्ही हॉस्पिटलात होता ना? कुठल्या विभागात? आणि हे गोल कशाचे? दिसत नाही म्हणणाऱ्या माणसाला पेन्सिलीचे गोल बरे दिसले, असं तिच्या मनात आलं. तिनं सांगितलं की ज्या गोष्टी पुन्हा विचारायच्या त्यांना ती खूण करते. ब्रुनोंनी टायची गाठ आवळली आणि त्या दिवशी ते अर्धा तास आधीच घरी गेले.

सातव्या गुरुवारी तिला राहवलं नाही. तनूनं मोठा करून पाठवलेला फोटो तिनं छापून आणला होता. तो तिनं त्यांच्यापुढे टेबलावर ठेवला आणि म्हणाली की मिस्टर फेरान्दी, या बायका कोण आहेत ते मला सांगा, नाहीतर ही पुस्तिका मी पुढे टाइप करणार नाही.

ब्रुनो कागदावर वाकले. मग सरळ होऊन म्हणाले, "किती मार्क मिळाले मला?"

तिला समजलं नाही.

"कार्लाला सांगा, शेवटचा प्रश्न नाही आला. बाकीचे किती चुकले ते तुम्ही गोल करून ठेवलेतच. मला म्हाताऱ्यांच्या कुठल्या होममध्ये टाकायचं ते तिनं ठरवलं असेलच, तुमच्या हॉस्पिटलनं नुसती सही द्यायची राहिलीय." ते उठले. खोका काखेत मारला. त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता, आणि धम्मशीलाला त्याचाच धसका बसला.

ते गेल्यावर ती काउंटरवर गेली आणि रियॅननला सरळ विचारलं की कार्ला तुला फोन करते का. रियॅननचा चेहरा लाल झाला. तिनं लपवलं नाही. कार्ला दर शुक्रवारी सकाळी फोन करते, म्हणाली. वडिलांनी दोनदा गॅस उघडा ठेवला होता. विचारलं तर ते कार्लाला दाराबाहेर काढतात, डॉक्टरकडे येत नाहीत. कुणीतरी नीट लक्ष ठेवणारं माणूस त्यांच्याबरोबर बसावं एवढंच कार्लानं मागितलं होतं. हॉस्पिटलात काम केलेली बाई आपणहून आली म्हटल्यावर रियॅननला वाटलं, याहून चांगलं कोण मिळणार.

"म्हणजे मी सांगितलेलं सगळं?" धम्मशीलानं विचारलं.

"सगळं," रियॅनन म्हणाली. "तू फार बारकाईनं सांगायचीस."

बसस्टॉपवर तीन बस गेल्या तरी ती बसून राहिली. वेगळे बूट. दोनदा विचारलेलं नाव. चार कमानी. एकेक गोष्ट तिनं स्वतःच्या तोंडानं दिली होती, आणि म्हातारा सात आठवडे बरोबर तिच्यावर संशय घेत होता. तिचा संशय चुकला होता, त्यांचा खरा होता.

काशीनाथला सांगितलं तेव्हा तो नेहमीसारखा हसला नाही. त्यानं एवढंच म्हटलं की उद्या जाऊन तोंडावर सांगून ये, चिठ्ठी लिहू नको.

शुक्रवारी दुपारी ती ब्रुनोंच्या फ्लॅटवर गेली. त्यांनी दार साखळीइतकंच उघडलं. तिथंच उभी राहून तिनं सगळं सांगितलं: रियॅनन काय विचारायची, आपण काय काय सांगितलं, ते कुठं जात होतं. आपल्याला माहीत नव्हतं हे तिनं एकदाच म्हटलं, कारण ते दुसऱ्यांदा म्हटलं असतं तर तिचं तिलाच खोटं वाटलं असतं. आपण फोटो न विचारता टिपला, हेही सांगितलं. शेवटी, आपल्याला त्यांच्याबद्दल काय वाटलं होतं तेही सांगितलं, वडिलांच्या गावच्या घाटासकट.

 मग साखळी निघाली.

तो फोटो स्वयंपाकघरातल्या टेबलावर भिंगाखाली होता. ब्रुनोंनी तिला खुर्ची दिली आणि रांगेतल्या दुसऱ्या बाईवर बोट ठेवलं.

"ही माझी आई," ते म्हणाले. "रोज बघतो. ही जागा कुठली ते मला आठवत नाही. खेचरांचं मी बनवून सांगितलं. पूल, घंटा, किल्ला मला आठवतो, निदान आठवतोसं वाटतं. पण आम्ही चौकात राहायचो. आईला पुलापलीकडं पाणी भरायला जायचं कारण काय? मला हे माहीत असायला हवं ना? की माहीत होतं आणि गेलं?"

 धम्मशीलानं विचारलं की त्या काळचं गावात आता कोणी उरलंय का.

एक होती. आन्येझे, ब्रुनोंची आतेबहीण, वय एक्क्याण्णव. नाताळला तिचं कार्ड यायचं. नंबर कार्लानं मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावला होता, पण ब्रुनोंनी पाच वर्षांत तिला फोन केला नव्हता; तिनं कुणाची आठवण काढली आणि आपल्याला तो माणूसच आठवला नाही तर, अशी धास्ती होती. धम्मशीलानं नंबर फिरवला आणि फोन टेबलावर ठेवला.

आन्येझेचा आवाज खणखणीत होता. आधी दोघं इटालियनमध्ये कोण मेलं कोण जगलं यावर बोलले असावेत. मग ब्रुनोंनी फोटोचं विचारलं. आन्येझे न थांबता चारेक मिनिटं बोलली. ब्रुनो ऐकत राहिले, मधे एकदा भिंग उचलून खाली ठेवलं. फोन ठेवल्यावर ते इंग्रजीत म्हणाले की तो कातडी कमावणाऱ्यांचा पाणवठा, आई युद्धात काही दिवस तिथं जायची.

धम्मशीला घड्याळाकडे बघत होती. चार मिनिटांचं दोन वाक्यांत होत नाही. पण या वेळी तिनं पेन्सिल काढली नाही. चहा केला, कप त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि बसून राहिली. कप अर्धा झाल्यावर ब्रुनो उरलेलं बोलले.

वडील वेल्सला. इटली युद्धात उतरली तसं इथं त्यांना शत्रूदेशाचा माणूस म्हणून धरून बेटावरच्या छावणीत ठेवलं, आणि गावाकडे येणारे पैसे थांबले. आई पुलापलीकडच्या कारखान्यात कामाला लागली, ओल्या कातड्यांवरचे केस आणि मांस खरवडायला. महिन्याभरात चौकातल्या बायका तिला म्हणाल्या, तुझ्या हातांना वास येतो, तू सिंहाच्या पाण्याला हात लावू नकोस. भांडण नाही, आरडाओरडा नाही. चर्चमधून बाहेर येताना हळूच सांगितलं. सांगणाऱ्यांत आन्येझेची आई पण होती, म्हणजे ब्रुनोंची सख्खी आत्या. त्यानंतर गाव सोडेपर्यंत आईनं पुलापलीकडून पाणी आणलं.

"आन्येझे म्हणते, मी बरोबर जायचो," ब्रुनो म्हणाले. "माझी एक लहान कळशी होती म्हणे." त्यांनी दोन्ही तळहात पुढे करून बघितले. "मला काहीच आठवत नाही."

घरी येताना धम्मशीलाच्या मनात एकच गोष्ट नव्हती. आपल्याला जे दिसलं ते खरंच तिथं होतं, याचं तिला क्षणभर बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली. मग दुसरं मनात आलं. ब्रुनोंची आई आगबोटीत बसली, वेल्सला आली, कॅफेच्या गल्ल्यावर बसली, आणि तिच्या हातांचा वास संपला. तिला कुणी पुन्हा त्याबद्दल विचारलं नाही. धम्मशीलाच्या वडिलांनी नोकरी केली, धम्म घेतला, मुलीला शिकवून समुद्रापार पाठवलं, तरी मंडळाच्या हळदीकुंकवात तिला 'नागपूरला कुठं' विचारणारं माणूस भेटलंच. दोन्ही पाणवठे सारखे म्हणायला तिची जीभ वळेना. पण खेचरांची जागा म्हणून सोडून द्यायलाही वळेना.

पुढच्या गुरुवारी ब्रुनो लायब्ररीत आले आणि त्यांनी सांगितलं, लिहा. आठ ओळींचा मजकूर झाला. त्यांनी तो तीनदा वाचून घेतला आणि एक शब्द बदलला. तिनं 'त्या बाईला' लिहिलं होतं. त्यांनी 'माझ्या आईला, रोझाला' करायला लावलं.

कार्लाला हे पसंत नव्हतं. ती पन्नाशीची, शाळेत शिकवणारी, सतत घाईत असलेली बाई होती. तिनं धम्मशीलाला लायब्ररीच्या बाहेर गाठलं आणि म्हणाली की लोक संमेलनाला आनंदानं येतात, तिथं कुणाच्या आत्यानं काय केलं ते कशाला. धम्मशीलानं तिचं ऐकून घेतलं. तिला कार्ला वाईट वाटली नाही. दोनदा उघडा राहिलेला गॅस हुंगलेली मुलगी होती ती. तिनं एवढंच उत्तर दिलं की मजकुराचं तुमच्या वडिलांना विचारा, आणि त्यांच्याबद्दल जे विचारायचं तेही त्यांनाच. माझ्याकडून आता शुक्रवारी काही मिळणार नाही.

कार्लानं विचारलं. काय बोलणं झालं ते धम्मशीलाला कळलं नाही. पण जूनमध्ये ब्रुनो मेमरी क्लिनिकला जायला तयार झाले. एका अटीवर: त्यांच्याबद्दल जे काही सांगायचं ते त्यांच्या समोर. आणि बरोबर कार्लाशिवाय धम्मशीलाही हवी, कारण तिला हॉस्पिटलचे फॉर्म समजतात. त्यांनी दुसरं कारणही सांगितलं, ती निदान पकडली गेली की कबूल करते.

क्लिनिकमधल्या नर्सनं सवयीप्रमाणे म्हटलं की मिस्टर फेरान्दींनी दोन मिनिटं बाहेर बसावं, मी घरच्यांशी बोलते. कार्ला उठायला लागली. धम्मशीला हलली नाही.

"त्यांच्यासमोर विचारा," ती म्हणाली.

नर्सनं विचारलं. कार्लानं गॅसचं सांगितलं, रडत रडत. धम्मशीलानं बुटांचं आणि सालांचं सांगितलं. ब्रुनो एकेक गोष्ट ऐकत होते, बुटांना मान हलवली, एका सालावर हरकत घेतली. गॅसचं ऐकल्यावर ते कार्लाकडे वळून म्हणाले की दोनदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा मी स्वतःच बंद केला आणि सांगितलं नाही.

विस्मरणाचा आजार निघाला, पण सुरुवातीचा. होमचं नाव कुणी काढलं नाही. गॅसची शेगडी जाऊन विजेची आली, आणि हिवाळ्यापूर्वी ब्रुनो कार्लाच्या घरी, खालच्या मजल्यावरच्या खोलीत राहायला गेले. पुस्तिका जुलैत छापून आली, छत्तीस पानांची. संमेलनात बहुतेकांनी फोटो बघितले आणि पिशवीत टाकली. एका वयस्क बाईनं बाराव्या पानावरच्या त्या आठ ओळींवर बोट ठेवून ब्रुनोंना विचारलं की हे छापायची काय गरज होती. ब्रुनोंनी ते पान धम्मशीलाकडून पुन्हा वाचून घेतलं, पहिल्यांदा ऐकावं तसं ऐकलं, आणि त्या बाईला म्हणाले, गरज होती.

गुरुवार अजून चालू आहेत, आता कार्लाच्या घरी. सध्या कॅफेच्या वर्षांचं लेखन चाललंय. ब्रुनो सांगतात, धम्मशीला टाइप करते आणि शेवटी सगळं वाचून दाखवते. वाचताना ती मधलं एखादं वाक्य गाळतेय का, हे बघायला ते दुसरी प्रत हातात देऊन कार्लाला दारात उभं करतात.